परत नळी लागली तर?

आमच्या आयसीयूत पेढे दोनदा येतात. पेशंट घरी जाताना येतात ते वेगळे. त्याआधी, व्हेंटिलेटरची नळी निघाली त्या दिवशी, एक पुडा येतो. त्या पुड्याची मला जरा धास्तीच वाटते. मुलगा सिस्टरांना, मावशींना, शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांना पेढे वाटत फिरतो, गावाकडं फोन जातात, “काढलं मशीन, आता काय काळजी नाही.” आणि आमच्या डोक्यात पुढच्या दोन दिवसांचं घड्याळ नुकतंच सुरू झालेलं असतं.

कारण सगळं तपासून, ठरवून नळी काढली तरी शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांना पुढच्या दोन-तीन दिवसांत ती परत घालावी लागते. जगभरातल्या आयसीयूंचा हिशेब साधारण एवढाच येतो. मग बाहेरच्या बाकड्यावरून ठरलेला प्रश्न येतो: “मॅडम, मग काढायची घाई कशाला केली?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आयसीयूच्या दारात उभ्याउभ्या देण्यासारखं नाही, म्हणून इथं सवडीनं लिहिते. मी भूलतज्ज्ञ आहे, सोलापुरात आयसीयू बघते. पुढं ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख कळू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आधी नळीबद्दल. प्लास्टिकची, जवळपास करंगळीएवढी जाड. तोंडातून आत जाते, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते. खालच्या टोकाला एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूनं निसटत नाही आणि घशात साठलेली लाळ सरळ छातीत उतरायला अडथळा होतो. या फुग्याला इंग्रजीत ‘कफ’ म्हणतात. त्यामुळं सिस्टर “कफ चेक केला” म्हणाली की नातेवाइकांना वाटतं छातीतला कफ बघितला. या गोष्टीत दोन्ही कफांना काम आहे, म्हणून मी एकाला फुगाच म्हणते.

व्हेंटिलेटर त्या नळीतून हवा आत ढकलतो. बस. न्यूमोनिया बरा करणं, विष उतरवणं, हृदय दुरुस्त करणं यातलं काहीही तो करत नाही. तो वेळ मिळवून देतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, शेकडो पेशंटांचे श्वासाचे स्नायू निकामी झाले आणि यंत्रं मोजकी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं पेशंटच्या गळ्याला छिद्र करून नळी बसवली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीनं बसवून हातानं रबरी पिशवी दाबायला लावली. दिवसरात्र, कित्येक आठवडे. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. “व्हेंटिलेटर म्हणजे मेलेल्याला जिवंत दाखवायचं मशीन” असं मला कुणी सुनावलं की मला ते पिशवी दाबणारे विद्यार्थी आठवतात.

वेळ मिळवायचा, पण फुकट नाही. नळी जितके दिवस आत, तितका छातीत जंतू शिरण्याचा धोका वाढतो. ती सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधं द्यावी लागतात, त्यांनी माणूस भ्रमिष्टासारखा होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, काम नसल्यामुळं वाळायला लागतो. किती लवकर? २००८ साली अवयवदात्यांच्या पडद्याचे तुकडे तपासून एक अभ्यास छापून आला. त्यात १८ ते ६९ तास हा स्नायू पूर्ण विश्रांतीत होता, तेवढ्यात त्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले दिसले. प्लॅस्टर काढल्यावर हात काडीसारखा निघतो ना, तसंच. फक्त इथं आठवडे लागत नाहीत.

म्हणून ‘अजून दोन दिवस राहू द्या की नळी, काय बिघडतं’ याचं उत्तर ‘बरंच बिघडतं’ असं आहे.

आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टर लोकांना बोचते. काही पेशंट स्वतःच नळी उपसून काढतात. म्हणूनच हात पट्टीनं बांधलेले दिसतात, ज्यावरून बाकड्यावर आमच्या नावानं बोटं मोडली जातात. तर अशी उपसून काढलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच ती परत लागते. उरलेले निम्मे नळीशिवाय व्यवस्थित राहतात. म्हणजे त्यांची नळी आम्ही आधीच काढायला हवी होती, पण आमची छाती झाली नाही. त्यामुळं एखादा डॉक्टर म्हणाला की “आमच्याकडं नळी परत टाकायची वेळच येत नाही”, तर मला कौतुक वाटत नाही, शंका येते. तिथं लोक गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर राहत असणार.

नळी काढणं हा असा तराजू आहे. लवकर काढली तर एक धोका, उशिरा काढली तर दुसरा. मधला काटा शोधायला आमच्याकडं चाचण्या आहेत, आणि त्या वाटतात त्यापेक्षा साध्या आहेत.

आजार उताराला लागला, ऑक्सिजन कमी पुरायला लागला, बीपी औषधाशिवाय किंवा अगदी थोड्या औषधावर टिकलं, की रोज सकाळी गुंगी कमी करायची आणि मशीनचा आधार जवळजवळ काढून घ्यायचा. नळी आतच, पण श्वास पेशंटचा पेशंटनं घ्यायचा. अर्धा तास, कधी दोन तास. या वेळात मॉनिटरपेक्षा माणसाकडं बघायचं असतं. कपाळावर घाम येतोय का, नाकपुड्या फुलतायत का, मानेच्या शिरा ताणल्यात का. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेले की थांबायचं.

एक छोटं गणितही असतं. मिनिटाला किती श्वास, याला एका श्वासात किती लिटर हवा जाते त्यानं भागायचं. मिनिटाला वीस श्वास आणि दर श्वासाला चारशे मिली, म्हणजे २० भागिले ०.४, उत्तर ५०. छान. छत्तीस श्वास आणि अडीचशे मिली, उत्तर १४४. म्हणजे माणूस भराभर, वरवरचा श्वास घेतोय, फार वेळ तग धरणार नाही. उत्तर १०५ च्या वर गेलं की सावध, ही रेघ १९९१ पासून वापरात आहे. कागदावर करायचं गणित आहे, पण त्यानं पुष्कळ चुका टळल्या.

मला मात्र सगळ्यात आवडते ती कार्डाची चाचणी. एक कोरं पांढरं कार्ड घ्यायचं, मशीनची जोडणी सोडवून नळीच्या तोंडापासून दोन-एक सेंटिमीटरवर धरायचं आणि पेशंटला म्हणायचं, खोका जोरात. कार्डावर थेंब उडाले तर खोकल्यात दम आहे. कार्ड कोरडं राहिलं तर सावध. २००१ साली छापलेल्या अभ्यासात, बाकी चाचण्या पास होऊनही ज्यांना कार्ड ओलं करता आलं नाही, त्यांची नळी काढल्यावर फसण्याची शक्यता तिप्पट होती. लाखोंच्या यंत्राशेजारी कागदाचा एक तुकडा, आणि तोच सांगतो की हा माणूस आपला कफ आपण काढू शकेल का.

मग चार हुकूम. डोळे उघडा. माझ्या बोटाकडं बघा. हात दाबा. जीभ बाहेर काढा. शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार होते, अठ्ठावन्न वर्षांचे, जन्मभर बिडी ओढून फुप्फुसं आधीच जर्जर, त्यात न्यूमोनिया. सहाव्या दिवशी त्यांच्यापुढं मी हे चारही हुकूम म्हटले. डोळे उघडले, पण पुढं काही नाही. भाव असा, जणू माझा आवाज पाण्याखालून येतोय. शुद्धीवर पूर्ण आले नाहीत, आज नको, असं मी फाइलवर लिहायला घेतलं. लादी पुसणाऱ्या मावशी थांबल्या, बादली बाजूला ठेवली, त्यांच्या कानाशी वाकून तेलुगूत म्हणाल्या, “नालुक चूपिंचु.” जीभ लगेच बाहेर. मावशींनी आपलीही काढून दाखवली होती, ती आत घेत त्या परत पुसायला लागल्या.

सोलापुरात हे शिकावंच लागतं. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, गुंगीतून वर येणारा माणूस आधी कुठल्या भाषेत जागा होईल सांगता येत नाही. आता मी भेटीच्या वेळी घरच्यांना विचारून ठेवते, घरी कशात बोलता? चष्मा, कानाचं मशीन घेऊन या. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला आपण मठ्ठ ठरवून टाकतो.

एवढं सगळं पास होऊन नळी काढली. मग शंभरातले दहा-पंधरा फसतात कसे?

कारण या परीक्षेतच एक खोट आहे. ती नळी आत असताना घेतली जाते. फुप्फुसं आणि स्नायू श्वासाचं ओझं पेलतील का, एवढं त्यातून कळतं. पण नळी आणखी दोन कामं गुपचूप करत असते: घसा उघडा धरते, आणि कफ ओढून काढायला आम्हाला थेट वाट देते. ती निघाली की ही कामं पेशंटच्या अंगावर पडतात, आणि ती त्याला जमतील का हे ती काढल्याशिवाय नक्की कळत नाही. घरमालकानं टेकू काढल्यावरच कळतं ना भिंत उभी राहते का.

घसा सुजलेला असतो. दिवसेंदिवस नळी घासून स्वरतंतूंजवळची जागा फुगते. बायकांची श्वासनलिका मुळात अरुंद, म्हणून त्यांना त्रास जास्त. नळी निघाल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. तो आवाज मी घरी झोपेतही ओळखेन. संशय असेल तर आधी फुग्यातली हवा काढून बघतो. नळीच्या बाजूनं हवा निसटत असेल तर जागा आहे. काहीच निसटत नसेल तर सूज आहे. मग बारा तास आधीपासून स्टेरॉइडचे डोस सुरू करतो आणि नंतर काढतो. नातेवाइकांना वाटतं, काल काढणार म्हणाले, आज टाळाटाळ. टाळाटाळ नसते ती.

दुसरं, हृदय. ऐकायला विचित्र वाटेल, पण मशीन छातीत हवा ढकलतं तेव्हा हृदयालाही टेकू मिळतो. आधार काढला की पायाकडून येणारं रक्त एकदम वाढतं, हृदयावर ताण चढतो, आणि दुबळं हृदय असेल तर फुप्फुसात पाणी भरतं. अंगावर सूज असलेल्या पेशंटची नळी काढण्याआधी आम्ही लघवीची औषधं देऊन पाणी उतरवत बसतो ते यासाठी.

तिसरं, नुसता थकवा. पहिले काही तास माणूस खिंड लढवतो, मध्यरात्रीनंतर हळूहळू उतरणीला लागतो. तो धापा टाकत नाही, उलट शांत होतो. बाजूला बसलेल्याला वाटतं, झोप लागली बिचाऱ्याला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून येणारी ती झोप असते.

आपल्या भागातलं एक कारण मोठ्या शहरातल्या पुस्तकी डॉक्टरला चटकन आठवणार नाही. फवारणीचं औषध. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या पट्ट्यातून हे पेशंट सतत येतात. औषध पोटात कसं गेलं, हे त्या वेळी आम्ही विचारत नाही. ऑरगॅनोफॉस्फरस जातीच्या विषात पहिला झटका ओसरतो, ॲट्रोपिननं लाळ-घाम आटोक्यात येतो, माणूस बोलायला लागतो, आणि सगळ्यांना वाटतं सुटला. मग विष गेल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत दुसरी लाट येते. मानेचे, दंडा-मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी ही अवस्था पहिल्यांदा नीट मांडली. तिची सगळ्यात आधीची खूण अगदी घरगुती आहे: उशीवरून मान उचलता येत नाही. म्हणून असा पेशंट कितीही हसून बोलला तरी आधी मान उचलायला लावायची, आणि ती वर धरून ठेवायला लावायची. मान पडली तर नळी राहू दे.

आणि घास, घोट. आठवडाभर नळी राहिलेल्या घशाला गिळायची लय राहत नाही. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं आणि कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, गुपचूप जातं. नळी निघाली की घरचे पहिलं विचारतात, “चहा देऊ का थोडा?” नाही. दुधात कुस्करलेली भाकरीही नाही. गिळणं तपासून, बसवून, आम्ही सांगू तेव्हा.

यातच तीर्थाचं येतं. कुणी सिद्धेश्वराचं, कुणी अक्कलकोटच्या स्वामींचं, कुणी थेट चंद्रभागेचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन येतं, आणि सिस्टरची पाठ फिरली की चमचाभर ओठांत. श्रद्धेला मी कुठं नाही म्हणते? विभूती लावा, अंगारा लावा, बाटली उशाशी ठेवा, मी स्वतः जागा करून देते. पण तोंडात थेंब नको. एक चमचा छातीत उतरायला पुरेसा असतो, आणि अशा एका चमच्यानंतर परत नळी टाकताना मी एका आजींच्या घशातून तुळशीचं पान काढलंय.

आता दुसऱ्यांदा नळी टाकण्यात एवढं काय? पहिल्यांदा टाकली तशीच टाकायची ना?

तशी नसते ती. ऑपरेशनच्या टेबलावर मी नळी टाकते तेव्हा पेशंट उपाशी असतो, घसा नीट असतो, फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा असतो. भूल दिल्यावर मला काही मिनिटं निवांत मिळतात. आयसीयूत परत टाकताना यातलं काहीच नसतं. घसा सुजलेला, चिकट कफानं भरलेला. पोटात नाकातल्या वेगळ्या नळीतून दिलेलं दूध. फुप्फुसात साठा नाही, म्हणून औषध देऊन श्वास थांबवला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, जिन्यावरून घरंगळल्यासारखं खाली येतं. बीपी आधीच काठावर, भुलीच्या औषधानं ते आणखी पडतं. २०२१ साली २९ देशांतल्या २,९६४ गंभीर पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी टाकताना किंवा टाकल्याबरोबर त्यातल्या सुमारे ४५ टक्के लोकांना काही ना काही मोठा धक्का बसला, मुख्यतः बीपी कोसळण्याचा. साधारण तीन टक्क्यांचं हृदय बंद पडलं. हे सगळ्या गंभीर पेशंटांचे आकडे आहेत, फक्त दुसऱ्या वेळेचे नाहीत. दुसऱ्या वेळी घसा आणि थकवा या दोघांची भर पडते.

नंतर न्यूमोनियाचा धोका वाढतो, मशीनवरचे दिवस वाढतात, बिलही. १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात परत नळी लागलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णालयातच दगावले, तर ज्यांची नळी निघाली ती निघालीच त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होतं. हा आकडा बघून छातीत धस्स होतं, पण तो वाचताना भान ठेवायला हवं. परत नळी लागते ते मुळातच जास्त आजारी असतात. छत्री घेतलेले लोक जास्त भिजलेले दिसतात म्हणून छत्रीनं माणूस भिजतो असं नाही. घसा सुजल्यामुळं नळी परत गेली असेल तर ती सूज उतरते आणि माणूस बऱ्याचदा निभावतो; हृदय किंवा फुप्फुसच हरलं म्हणून गेली असेल तर कठीण.

पण या सगळ्यात एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे वेळ. १९९७ च्या त्या अभ्यासाच्याच डॉक्टरांनी पुढच्या वर्षी असं दाखवलं की नळी काढल्यापासून बारा तासांच्या आत ज्यांना परत नळी गेली त्यांच्यात मृत्यू २४ टक्के, बारा तासांनंतर गेलेल्यांत ५१. २००४ साली आठ देशांतल्या ३७ आयसीयूंनी मिळून आणखी काटेकोर प्रयोग केला. नळी काढल्यावर धाप लागलेल्या २२१ जणांपैकी निम्म्यांना बायपॅपसारख्या, नळीशिवाय दाबानं हवा देणाऱ्या मशीनचा घट्ट मास्क लावून बघितलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. मास्कनं नळी टळेल ही आशा. टळली नाही. मास्कवाल्यांत ती जायला साधारण बारा तास लागले, दुसऱ्यांत अडीच. आणि आयसीयूतले मृत्यू मास्कवाल्यांत २५ टक्के, दुसऱ्यांत १४. वाट बघण्यातच ताकद संपली.

म्हणजे मास्क वाईट का? अजिबात नाही. २०१९ च्या फ्रान्समधल्या अभ्यासात ६४१ पेशंट होते, सगळे पासष्टीच्या पुढचे किंवा हृदय-फुप्फुसाचे जुने आजारी. काहींना नळी काढल्याबरोबर, धाप लागायची वाट न बघता, नाकातून जोरात गरम-दमट ऑक्सिजन देणारं हाय फ्लो आणि मधूनमधून मास्क, दोन्ही दिलं. काहींना नुसतं हाय फ्लो. सात दिवसांत परत नळी लागली ती ११.८ टक्क्यांना आणि १८.२ टक्क्यांना. मास्क तोच, वेळ वेगळी. आधी लावला तर आधार, बुडायला लागल्यावर लावला तर भुलावण. म्हणून पेशंट छान बोलत असताना आम्ही त्याच्या तोंडावर तो त्रासदायक मास्क का बांधतो, यावरून आमच्याशी भांडू नका.

आता त्या यंत्रमाग कामगारांकडं परत येते. नळी काढली, मास्क लगेच लावला. पहिला दिवस बरा गेला. त्यांची बायको, बिडी वळून वळून बोटांची टोकं काळपट झालेली, भेटीच्या वेळी त्यांचे पाय चेपत बसली होती. पेढेही येऊन गेले. दुसऱ्या रात्री साडेबाराला ते ‘शांत’ झाले. रक्ताची तपासणी केली, कार्बन डायऑक्साइड चढलेला. मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं, नळी परत टाकावी लागेल, आत्ता.

“मॅडम, भिवंडीचे काका निघालेत. ते येऊ देत, मग सांगतो. तोपर्यंत मास्कवर ठेवा की.”

त्याची चूक नव्हती. घरातले निर्णय काका घेतात, आणि आदल्या दिवशी आम्हीच हसत सांगितलं होतं की नळी निघाली. शेजारच्या बाकड्यावरून सल्ले सुरू झाले: परत नळी म्हणजे संपलं, आमच्या मेव्हण्याचं असंच झालं, बिल वाढवायचं असतं यांना. मी समजावलं, परत समजावलं. मुलगा रडत होता आणि फोन लावत होता. सही व्हायला पावणेचार वाजले. सव्वातीन तास. मी नळी टाकली तेव्हा सॅच्युरेशन अडुसष्टवर गेलं, हृदयाचे ठोके चाळीसच्या खाली आले, सिस्टरनं छातीवर दाब द्यायला हात ठेवला आणि तेवढ्यात ते सावरले. मग मशीनवर आणखी एकोणीस दिवस, मध्ये गळ्याला छिद्र करून नळी तिथं बसवली. तोंडातली नळी गेल्यावर गुंगी कमी लागली, खुर्चीत बसायला लागले, आणि शेवटी त्या छिद्राच्या नळीतूनही सुटले. गळ्याला छिद्र हा शब्द ऐकून लोक घाबरतात. बरेचदा तीच सुटकेची वाट असते, आणि काम झालं की छिद्र मिटतं.

ते घरी गेले, पण त्या सव्वातीन तासांवर मी पुष्कळ विचार केला. मुलाला तो प्रश्न मी रात्री साडेबाराला विचारला. तो आदल्या दिवशी, पेढ्यांच्या आधी विचारायला हवा होता.

तेव्हापासून नळी काढायच्या आधी मी घरच्यांना आत बोलावते. जो निर्णय घेतो तोच हवा, फोनवर असला तरी चालेल. नळी का काढतोय, ती परत लागण्याची शक्यता या माणसात कमी की जास्त, आणि लागलीच तर टाकायची ना, हे उजेडात, सगळे शुद्धीवर असताना ठरवायचं. पेशंट जागा असेल तर आधी त्याला विचारायचं, कारण घसा त्याचा आहे. काहीजण ‘परत नको’ म्हणतात. बरा न होणारा कॅन्सर पसरलेला असेल, फुप्फुसं पार संपलेली असतील, तर ‘परत नको’ हे सुजाण उत्तर असू शकतं. मग मास्क आणि मॉर्फिन देऊन धाप कमी करणं हाच उपचार होतो, त्याला सोडून देणं म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा निर्णयांना वाट दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. त्यात डॉक्टरांच्या मंडळांची प्रक्रिया आहे, म्हणून तर ते रात्री घाईत होण्यासारखं नाही. पण बऱ्या होण्यासारख्या माणसाला, केवळ ‘दुसरी नळी अपशकुनी’ म्हणून, ‘नको’ म्हणणं वेगळं.

गेल्या महिन्यात मोहोळकडचा एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा. फवारणीचं औषध. सातवा दिवस. कार्डावर थेंब उडाले, गणित ४८ आलं. मी म्हटलं, मान उचल. उशीवरून डोकं वर आलं, कानाखालच्या शिरा टरटरल्या. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच. आई पायथ्याशी उभी, पदर तोंडावर धरून. “अजून धर,” ती म्हणाली. त्यानं आणखी धरली.

मग मी तिला तो प्रश्न विचारला. सगळं सांगितलं, शक्यता कमी आहे पण आहे, रात्री-अपरात्री लागेल, तेव्हा कुणाला विचारायचं?

तिनं जरा वेळ पोराकडं बघितलं. “लागली तर घाला,” ती म्हणाली. “मला उठवा, पण फोन करत बसू नका.”

मी ते वाक्य तारीख-वेळेसकट फाइलवर लिहिलं, तिनं खाली अंगठा दिला, आणि सिस्टरनं फुग्यातली हवा काढायला सिरिंज लावली.